अप्पांचा चांदीचा चमचा

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या वर्षी अप्पांना मुदतीचा ताप आला. अप्पा म्हणजे माझे वडील. भालकीला हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे घरी आणि शाळेत दोन्हीकडे बोलणी खायची सोय होती. ताप उतरला, पण माणूस पार वाळून गेला. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक अंडं द्या. आईने ते ऐकून घेतलं आणि बसमध्ये चढल्यावर म्हणाली, "त्येंच्या घरचं त्येनी खावं. आपल्यात न्हाई चालत."

अंड्याच्या जागी आईने माहेरचा चांदीचा चमचा काढला. चांदीने खाल्लेलं अंगी लागतं, असं तिचं म्हणणं. अप्पा शाळेत जायला लागले तेव्हा खिरीच्या डब्याबरोबर तो चमचाही फडक्यात गुंडाळून जाऊ लागला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चमचा काळा होऊन परत आला. आईने बारीक रांगोळीने घासून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा. मला वाटलं, आता ही चिडणार. पण ती खूश झाली. "बघ गं," मला म्हणाली, "आजार चांदीवर उतरायलाय." आणि खरोखरच अप्पांच्या गालांवर मांस चढायला लागलं होतं.

दुर्दैवाने त्याच आठवड्यात अप्पांनी आम्हाला धातूंचा धडा शिकवला होता. लोखंड गंजतं, तांब्या-पितळेवर हिरवा कळंक चढतो आणि चांदीचं गंधकाशी वाकडं. हवेत तो चिमूटभर असतो, म्हणून पेटीतली चांदीही हळूहळू काळवंडते. अंड्यात बराच असतो, म्हणून अंड्याने लवकर. हे शेवटचं वाक्य अप्पा फळ्याकडे तोंड करून जरा घाईनेच बोलले होते.

मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत डोकावले. गणिताचे सर, अप्पांचे मित्र, स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या भांड्यात अंडं उकडत होते. दर सोमवारी तालुक्यातल्याच मेहकरहून येताना ते गावाकडची अंडी आणायचे. अप्पा चांदीच्या चमच्याने बलक खात होते, डोळे मिटून, तीर्थ घ्यावं तसे. डोळे उघडले तर समोर मी.

"परीक्षेत लिही," अप्पा म्हणाले. "घरात बोलू नको."

अंधश्रद्धेवर तास तास बोलणारा हा माणूस रोज संध्याकाळी आईपुढे काळा चमचा ठेवायचा, आणि ती "निघायलाय, निघायलाय" म्हणत घासायला बसली की मान डोलवायचा. मलाही मजा वाटायची, खोटं कशाला सांगू.

ती मजा संपली शेजारच्या अक्कांमुळे. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला तोच ताप येऊन गेला होता. त्याच डॉक्टरांनी तेच अंडं सांगितलं होतं, आणि त्यांच्याही घरात ते चालत नव्हतं. आईने मोठ्या मनाने चमचा देऊन टाकला. मुलगी त्याने भाताची पेज खायची. चमचा पांढराशुभ्र. आठ दिवस झाले तरी पांढराशुभ्र. मुलीला भिंत धरूनही उभं राहवेना. आई रोज चमचा बघायला जायची आणि तोंड पाडून परत यायची.

एका रविवारी अक्का चमचा घेऊन आल्या आणि आमच्या उंबऱ्यातच बसल्या. "आजार भाईर पडंना, वैनी. माजी पोरगी काय ऱ्हात न्हाई बगा."

अप्पांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अक्का, चमच्यात काही नाही. मी शाळेत रोज अंडं खात होतो. त्याने तो काळा व्हायचा. पोरीला अंडं द्या."

आईने एकदा चमच्याकडे बघितलं, एकदा अप्पांकडे. "म्हंजी म्हैनाभर मी अंडं घासायले होते व्हय?"

"हो."

"मग रोज मान कामून हलीवली?"

अप्पांनी खाली ठेवलेलं वर्तमानपत्र पुन्हा उचललं. मला अप्पांची लाज वाटली आणि त्याहून जास्त माझी. धातूंच्या धड्यात पैकीच्या पैकी मिळवलेली मी, आठ दिवस त्या पोरीला पेज गिळताना बघत होते.

अक्का रडत म्हणाल्या, सासूबाई घरात अंडं येऊ देणार नाहीत. आई उठली. "पोरीला हिकडं आना. मी करते परसात."

तेव्हापासून गणिताचे सर मागच्या दाराने यायला लागले. आई नाकाला पदर लावून रॉकेलच्या स्टोव्हवर अंडं उकडायची आणि मुलीला मांडीवर घेऊन भरवायची. चमचा स्टीलचा. चांदी बाटू नये म्हणून की पुरावा उरू नये म्हणून, ते मी विचारलं नाही. अप्पांशी तिने बोलणं टाकलं होतं.

अक्का मुलीला कडेवर घेऊन यायच्या, गुपचूप. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मुलगी एकटीच आली, चालत, भिंत न धरता. तेही पुढच्या दाराने. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "काकू, अंडं झालं का?"

समोरच्या बायका बाहेर आल्या. मुलीची आजीही आली. अप्पा लगबगीने पोरीला आत ओढायला धावले, तर आईने त्यांचा हात धरला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"वरडू द्या तिला," ती म्हणाली. "आवाज कसा खणखणीत निघायलाय."