पानिपतकाकूंची झाशी

प्रिय ईरा आणि चिन्मय,

डिसेंबरात तुम्ही दोघं येणार आणि टूरवाल्यांशिवाय आग्रा, ग्वाल्हेर, झाशी फिरणार. "आजी, प्लॅन तूच कर, तू एक्स्पर्ट आहेस," असा निरोप वाचला आणि मी लगेच पट्टी नि तीन रंगांची पेनं काढली. मग पट्टी परत ठेवून दिली. आधी तुम्हाला पानिपतकाकूंबद्दल सांगायला हवं.

काकू आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायच्या. महाराष्ट्रातून कोणाकडेही पाहुणे आले की त्यांना पानिपत बघायचंच असायचं, आणि न्यायचं काम ठरलेलं काकूंचं. युद्धाच्या स्मारकापाशी पाहुणे हात जोडून गप्प उभे राहायचे. काकू त्यांना पुरेसा वेळ द्यायच्या. मग म्हणायच्या, "झालं हळहळून? चला, आता ब्लँकेटं बघू." डोळे पुसणारा माणूस अर्ध्या तासात दुकानात घासाघीस करताना दिसायचा.

नागपूरला लेकीकडे कायमचं जायचं ठरलं तेव्हा त्या वर आल्या. "अहो, इतकी वर्षं लोकांना फिरवलं. जाण्याआधी एकदा मला फिरायचंय. पाहुणे नकोत, मुलं नकोत. आपण दोघीच."

तुमचे आजोबा पेपरातून डोकं काढून म्हणाले, "काकू, हिच्याबरोबर? ही तुम्हाला बिल्कुल टेकू देणार नाही."

"बघू ना, कोण कोणाला टेकवतं ते!"

मी आखलेला प्लॅन लॅमिनेट केलेला होता. गाड्या, पर्यायी गाड्या, चहा, बाथरूम, सगळं मिनिटांसह, आणि प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. सूर्यास्तालासुद्धा मी वेळ नेमून दिली होती. काकूंनी तो लांब धरून वाचला. "छान आहे. श्वास कधी घ्यायचा तेवढं राहिलंय."

त्यांचा नियम एकच: एका गावात एकच गोष्ट बघायची, बाकी वेळ बसायचं. आग्र्याला त्यांनी नदीपलीकडून ताज बघितला आणि दिवस संपला म्हणून जाहीर केलं. मी रात्री प्लॅनवरच्या बिनखुणेच्या चौकोनांकडे बघत तळमळले.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर त्या महालासमोरच्या कट्ट्यावर बसल्या त्या बसल्याच. मी रागारागाने एकटी निघाले, उरलेलं सगळं धापा टाकत पाहिलं, प्रत्येक चौकोनात खूण केली. परत आले तर काकू जवळच्या मुरैन्याहून आलेल्या एका कुटुंबात बसून पुरी-भाजी खात होत्या. सुनेचं माहेर, सासऱ्यांची शुगर, सगळं त्यांना एव्हाना कळलं होतं. "आंटीजी, आप भी बैठिए ना," सून म्हणाली.

"काय काय पाहिलंत?" काकूंनी विचारलं.

मी आठवून आठवून म्हटलं, "निळ्या भिंतीवर पिवळी बदकं होती."

"ती ना? ती इथूनच दिसतायत की!"

या पुऱ्यांच्या नादात झाशीची गाडी गेली. मी विजयी मुद्रेने पर्यायी गाडी दाखवली. काकूंनी मान हलवली.

"झाशी राहू दे."

"राहू दे? काकू, प्लॅनमध्ये आहे!"

"जन्मभर पानिपतावर हळहळले. सहलीत पुन्हा झाशीला जाऊन हळहळू? आणि हे बघा, तुमची दिल्ली, माझं नागपूर, झाशी मधल्या वाटेवर. ती उरली तर आपण तिथे भेटू. सगळंच बघून टाकलं तर कोण कशाला येतंय?"

तेव्हा मला तो आळशीपणाच वाटला. मी परतीच्या गाडीत आग्रा येईपर्यंत झाशीच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले.

निजामुद्दीन स्टेशनवर त्यांना नागपूरच्या गाडीत बसवलं, तेव्हा खिडकीशी त्या म्हणाल्या, "वाटेत झाशी येईल. डोळे घट्ट मिटून घेईन. एकटीने बघितली तर फाऊल." माझा हुंदका त्यांनी थोडा वेळ चालू दिला. मग म्हणाल्या, "झालं हळहळून? जा आता, मेट्रोला गर्दी होईल."

पुढच्या हिवाळ्यात माझा गुडघा आडवा आला, त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांचा दमा. तारखा मी ठरवायचे, रद्दही मीच करायचे. मग त्यांच्या लेकीचा फोन आला.

तेव्हा आग्रा आणि ग्वाल्हेर तुमचं तुम्ही ठरवा. झाशीला मी येणार आहे, पट्टी न घेता. तिथे एखादा कट्टा शोधा, आपण तिघं बसू. पुऱ्या मी आणीन.

झाशी मी अजून पाहिलेली नाही.