बरकत मिस्त्रीचा कान

चिंचवड स्टेशनाबाहेर, जुन्या मुंबई रस्त्याला लागून बरकत मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, पुढं पत्र्याचा मांडव, मागं दोन खोल्यांचं घर, आणि मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं मिस्त्री, पलीकडं त्याची बायको झुलेखा. दारावर पाटी नव्हती. ‘कानवाला मिस्त्री’ म्हटलं की पुनावळ्यापासून राजगुरुनगरपर्यंत कुणीही बोट दाखवायचं, मग पाटी कशाला रंगवायची?

बरकत गाडी डोळ्यांनी बघायचाच नाही. इंजन चालू ठेवायला सांगायचा, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजनावर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा. डोळे मिटलेले. शेजारच्या टपरीवरचा कोंडाजी तेवढ्यापुरता स्टोव्ह बंद करायचा, गिऱ्हाइकं हातातले कप खाली ठेवायची. मग बरकत एक डोळा उघडायचा आणि निकाल द्यायचा, ‘‘तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह. जळालाय.’’ उघडून बघावं तर व्हॉल्व्ह जळालेला! बघे जास्त असले की डोळे जरा जास्त वेळ मिटलेले असायचे, हे मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. कोंडाजी म्हणायचा, ‘‘मिस्तरी, गर्दी बगून रोग लांबवू नगा. माजा च्या गार व्हतोय.’’

हा कान आला कुठून, तर त्याचीही एक गंमत आहे. गंमत म्हणजे ज्याची झाली त्याची सोडून बाकी सगळ्यांची.

बरकत बासष्ट साली जुन्नरकडनं पिंपरीत आला आणि एका कारखान्यात हॅमरवर लागला. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या ठोकळ्यावर वरून हॅमर पडायचा, आणि पडला की मैलभरावरच्या घरातली भांडी फळीवर हलायची. ओव्हरटाइम सगळ्यांत जास्त त्याच खात्यात, म्हणून तरणी पोरं तिथंच जायला धडपडायची. फोरमन सकाळी प्रत्येकाच्या हातावर कापसाचे बोळे ठेवायचा. ते कानात घालायचे, असा नियम होता. घालायचं मात्र कुणी नाही. कारण आपल्याकडं कानात कापूस घालून कोण बसतं? बाळंतीण! ज्यानं बोळे घातले त्याची मग धडगत नसायची. ‘‘काय भावा, मुलगा का मुलगी?’’ ‘‘शेक घेतला का?’’ आणि या टवाळखोरांचा म्होरक्या कोण, तर आपला बरकत.

सरदार म्हणून एक होता त्याच्याच पाळीला. अंगानं किरकोळ, सावध माणूस. तो एकटा मुकाट्यानं रोज बोळे घालायचा. बरकतनं एकदा त्याच्या डब्यात डिंकाचे लाडू ठेवले. सबंध खातं हसलं. त्या दिवसापासून त्याचं नाव ‘बाळंतीण’ पडलं, ते इतकं की पगाराच्या रांगेतसुद्धा लोक त्याला ‘आधी बाळंतिणीला जाऊ द्या’ म्हणून पुढं ढकलायचे. वैतागून त्यानं नोकरी सोडली आणि पुढं जिथं बरकतचं गॅरेज झालं त्या रस्त्याच्या पलीकडं भंगाराचं दुकान टाकलं. बरकत मात्र कान उघडे ठेवून सहा-सात वर्षं हॅमरवर राहिला, ओव्हरटाइमचे पैसे साठवले आणि गॅरेज उघडलं. हॅमरनं गॅरेज दिलं. बदल्यात काय घेतलं, हे समजायला अजून वेळ होता.

पहिल्यांदा समजलं ते झुलेखाला. तव्यावरची चुरचुर त्याला ऐकू येत नाही, चिमण्या ओरडतात ते ऐकू येत नाही. माणसांचं बोलणं समोरून ऐकू येतं, मागून येत नाही. गाडी आली की पाण्याचा तांब्या घेऊन ती पडद्याबाहेर यायला लागली. तांब्या ठेवता ठेवता त्याच्या समोर येऊन हळूच म्हणायची, ‘‘अजी, पाणी. उजवीकडनं टकटक येतीय.’’ बरकत तिच्याकडं बघायचाही नाही. स्क्रू ड्रायव्हर उजवीकडं टेकवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. नवराबायकोत यावर एक अक्षर कधी निघालं नाही. त्याचं नाव राहिलं, तिचा तांब्या राहिला. अशी दोन-तीन वर्षं बिनबोभाट गेली.

आणि मग अष्टपुत्र्यांची गाडी आली.

हरिहर अष्टपुत्रे एका कंपनीत इंजिनियर. आडनावात आठ मुलगे, घरात एकच मुलगी, त्यामुळं त्यांची सगळी हौस गाडीवर निघायची. कंपनीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना आपली निळी अमेरिकन गाडी विकून गेला, ती यांनी घेतली. बासष्ट सालची, इंजन मागं, आणि इंजनावर टर्बो. हा टर्बो म्हणजे लोखंडाची गोगलगाय समजा. गाडीच्याच धुराच्या जोरावर तिच्या पोटातलं चक्र गरगरा फिरतं आणि इंजनात हवा कोंबतं. चक्र वेगात आलं की बारीक, उंच शीळ वाजते. ही गाडी पहिल्यांदा चिंचवडात आली तेव्हा ती शीळ ऐकायला लोक ओट्यावर येऊन उभे राहायचे. बरकतनंही तेव्हा ऐकली होती. ‘‘ही वाजतीय तोवर गाडी जवान आहे, साहेब,’’ असं त्यानंच सांगितलं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली गाडी म्हातारी होऊन पुन्हा त्याच्या दारात उभी राहिली.

‘‘बरकतभाई, जोरच राहिला नाही हो हिच्यात,’’ अष्टपुत्रे म्हणाले. ‘‘सासुरवाडीला निघालो होतो. मोशीचा पूल ओलांडून चढाला लागलो, तर एक दूधवाला सायकलवरून पुढं गेला. वर मागं वळून घंटी वाजवली मेल्यानं!’’

‘‘सासुरवाडीला निगाल्यावर जोर कमीच पडतो, सायेब,’’ कोंडाजी टपरीवरून म्हणाला. लोक हसले. गर्दी जमली. अमेरिकन गाडी आणि कानवाला मिस्त्री, हा खेळ रोज थोडाच बघायला मिळतो? कोंडाजीनं स्टोव्ह बंद केला.

बरकतनं स्क्रू ड्रायव्हर टेकवला. अष्टपुत्र्यांना ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेज करायला सांगितली. इंजनाची घरघर त्याच्या हाडात आली, पण वर ती शीळ नव्हती. त्यानं टोक सरकवलं. नव्हती. पुन्हा रेज करायला सांगितली. त्याच्यापुरतं तिथं काही वाजतच नव्हतं. डोळे मिटून तो उभा होता. शीळ बंद झालीय, का आपण? हा प्रश्न त्यानं पुरता मनात येऊ दिला नाही.

एवढ्यात झुलेखा तांब्या घेऊन आली. नेहमीसारखी समोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘‘शीळ वाजतीय. पण खालच्या रबरी पाइपातनं फुसफुसतंय.’’

एवढं वाक्य. पण ‘शीळ वाजतीय’ हे तिनं म्हणायला नको होतं. टकटक उजवीकडनं येतेय म्हणणं वेगळं. हे म्हणजे, तुला जे ऐकू येत नाही ते मला येतंय, असं भर गर्दीत सांगणं झालं. निदान बरकतला तसं वाटलं. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी तिचं बोलणं ऐकलं होतं, हेही त्यानं बघितलं.

तो मोठ्यानं हसला. ‘‘बघा साहेब, आता घरातनं मिस्त्री यायला लागले! अगं, गाडीतलं तुला काय कळतंय? तू जा, तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मोज.’’

सगळे हसले. झुलेखानं तांब्या खाली ठेवला नाही. तसाच हातात घेऊन पडद्याआड गेली.

‘‘टर्बो मेला,’’ बरकतनं निकाल दिला. ‘‘जाम झालाय. काढायला लागेल.’’

त्यानं त्या रबरी पाइपावर नुसता हात फिरवला असता तरी चीर बोटाला लागली असती. टर्बोनं कोंबलेली हवा तिथूनच बाहेर चालली होती, मग इंजनाला जोर येणार कुठून? पेट्रोलचा वाससुद्धा येत होता तिथं. पण कानवाला मिस्त्री हात कशाला फिरवील? त्यानं टर्बो उतरवला, वेल्डरकडून सरळ लोखंडी नळी करून आणली, जुने रबर फेकून नवे घातले. चीर जुन्या रबराबरोबर गेली. गाडी चालायला लागली. जवानीतला जोर नव्हता, पण दूधवाल्याच्या पुढं राहण्याइतका आला. अष्टपुत्रे खूश झाले. अमेरिकन गाडीचा रोग चिंचवडच्या कानाला सापडला, ही बातमी चाकणपर्यंत गेली. उतरवलेला टर्बो बरकतनं मांडवातल्या फळीवर, आल्यागेल्याला दिसेल असा मांडून ठेवला.

पडद्याबाहेर तांब्या मात्र पुन्हा आला नाही. बरकतला तहान लागली की तो आत जाऊन पाणी प्यायचा. आणि त्याचे निकाल चुकायला लागले. एकाचा गिअरबॉक्स उघडला, तर खडखड चाकात निघाली. एकाचं इंजन उतरवलं, तर बिघाड पंख्याच्या पट्ट्यात. लोक म्हणाले, माणूस आहे, चुकतो. पण पुढच्या खेपेला येताना दुसऱ्या गॅरेजच्या दारात थांबले.

दिवाळीच्या सुमाराला सरदार भंगार न्यायला आला. इतकी वर्षं रस्त्याच्या दोन बाजूंना राहून दोघांचं बोलणं कामापुरतंच होतं. त्याची नजर फळीवर गेली.

‘‘हा जाम झालेला का? पितळ-बितळ आहे का आत?’’ म्हणत त्यानं टर्बो उचलला, तोंडातून बोट घालून चक्र ढकललं. चक्र लोण्यासारखं फिरलं. सरदारनं भुवई उचलली. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरचा पाइप तिथंच होता. त्यानं तो टर्बोच्या तोंडाशी धरला आणि हवा सोडली.

काय शीळ वाजली म्हणता! कोंडाजीनं कपाळाला आठ्या घातल्या, एका गिऱ्हाइकानं कानात बोटं घातली, स्टेशनाच्या भिंतीवरचे कावळे उडाले. चक्र इतकं वेगात होतं की पाती दिसत नव्हती. बरकत समोर उभा राहून ते बघत होता.

‘‘बघ,’’ तो म्हणाला, ‘‘फिरतंय, पण मुकं आहे. आतनं गेलंय. वाजायला पाहिजे होतं.’’

सरदारनं हवा बंद केली. शीळ खाली खाली येत थांबली. बरकत एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि कानात बोटं घातलेल्या माणसाशी त्याची नजर अडकली. त्या माणसानं घाईघाईनं बोटं काढली. ती काढली नसती तर बरं झालं असतं.

बरकतनं पाठ फिरवली आणि उगाच पान्हे लावायला घेतले. सरदारनं त्या पाठीकडं बघितलं. नेहमीच्या आवाजात, ना चढून ना दबून, तो म्हणाला, ‘‘बाळंतीण.’’

बरकत वळला नाही.

सरदारनं पुन्हा म्हटलं. बरकतचे पान्हे चालूच. सोळा वर्षं सांभाळलेला हा शब्द सरदारनं शेवटी टाकला, आणि ज्याच्यासाठी टाकला त्याला सोडून सगळ्यांना तो लागला. सरदारचं तोंड कडू झालं म्हणतात. म्हणून काही तो गप्प बसला नाही. संध्याकाळपर्यंत चिंचवडात कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं.

अष्टपुत्रे येऊन आपला टर्बो घेऊन गेले. रागावले नाहीत. बरकतच्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं आणि सावकाश म्हणाले, ‘‘मी... पुण्याला... बसवून... घेतो!’’ शिवी दिली असती तर पत्करली असती. त्यानंतर सगळेच त्याच्याशी तसं बोलायला लागले, आणि मागून तर काय वाटेल ते. काही टवाळ मुद्दाम नुसते ओठ हलवायचे आणि तो ‘होय, होय’ म्हणतो का बघायचे. तो म्हणायचा.

एक्क्याऐंशीपर्यंत गॅरेजात पंक्चर काढण्याएवढंच काम उरलं होतं. पंक्चर डोळ्यांनी दिसतं, पाण्यात बुडबुडे येतात. निळी गाडी रोज सकाळी मांडवासमोरून कंपनीत जायची. अष्टपुत्रे स्टेशनाजवळ ॲक्सिलरेटर दाबायचेच, हौसच तशी. शीळ वाजायची, टपरीवरची माणसं गाडीकडं न बघता बरकतकडं बघायची. त्यावरून त्याला कळायचं की वाजली.

एका सकाळी टपरी रिकामी होती. गाडी समोरून गेली आणि बघायला कुणाचं तोंडच नव्हतं. बरकत पडदा सारून आत गेला. झुलेखा पाठमोरी बसून भाकरी थापत होती.

‘‘आत्ता अष्टपुत्र्यांची गाडी गेली,’’ तो म्हणाला. ‘‘शीळ वाजली का?’’

झुलेखाचे हात थांबले. ती वळली नाही. ‘‘मला काय कळतंय?’’ ती म्हणाली. ‘‘मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.’’

चुलीवर तवा होता. कुकर फळीवर पालथा.

बरकतला पाठ तेवढी दिसली. बराच वेळ वाट बघून त्यानं मान डोलावली आणि बाहेर आला. कोंडाजी नुकताच येऊन टपरीचं फळकूट उघडत होता.

‘‘साहेबांचा टर्बो पुन्हा मेला बघ,’’ बरकत त्याला म्हणाला. ‘‘घरात विचारलं. वाजला नाही.’’

‘‘व्हय का?’’ कोंडाजी म्हणाला, आणि स्टोव्हला पंप मारायला लागला.