शेरूचं नख

ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. टाळलं म्हणजे विषय निघाला की उठून गेलो, असं नाही. घरातल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी ती चघळायचं आणि मी सगळ्यांबरोबर हसायचो. परवाच्या लग्नात पुतण्याच्या मुलानं डोक्यावर पदर ओढून गोदावहिनींची नक्कल केली. "आमची थोरली आजी पाहुण्यांना कुत्र्याच्या नखाची सुपारी खाऊ घालायची!" सगळा मांडव खदखदला. मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण ती वाजायला हवी होती माझ्या.

गोदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माहेर दुसरबीडचं. लग्न होऊन साखरखेर्ड्याला आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या गाडीमागं एक काळं कुत्रं पळत आलं. ते शेरू. आईनं नव्या सुनेला ओवाळायच्या आधीच कपाळाला हात लावला. वहिनी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "त्याले पानी पाजा आधी. मी थांबतो."

राग त्यांच्या नाकावर असे. एकदा दादानं शेरूला लाथ घातली, तर भरल्या ओसरीत त्यांनी विचारलं, "पाय दुखला असंल न? तेल आनू का चोळाले?" आई म्हणायची, "कुत्र्याचे पाय मांडीवर घेऊन बसतं. माहे कधी दाबशीन वं?" वहिनी म्हणत, "तुमी त्याच्यावानी गप पडून राहा, आत्ता दाबतो."

पाय मांडीवर घेण्याला कारण होतं. शेरूच्या पुढच्या पायांना आतल्या बाजूनं एकेक जास्तीचं नख होतं. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजतही नाही. वाढत वाढत गोल वळतं आणि मांसात घुसतं. महिन्याकाठी एखाद्या दुपारी वहिनी पायरीवर बसून ते कापत. त्यासाठी माहेरून आणलेला एक जुना लोखंडी अडकित्ता होता. तो घरातल्या सुपारीला कधीच लागायचा नाही. गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा. नखं काळीकुट्ट, आतली शीर दिसायची नाही. मी शेजारी उभा राहून घाई केली की म्हणत, "जरासं कापाचं, मंग पाहाचं. एकदम छाटाले तो काय कडबा हाये, भाऊजी?"

माझी सुपारी फुटायची होती, तो दिवस. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडच्या मंडळींसमोर सुपारी फोडतात. ती फुटली की शब्द पक्का. मेहकरकडचे पाहुणे येणार होते. वहिनी पहाटेपासून चुलीशी होत्या. पितळी अडकित्ता आणि पानाचं तबक त्यांनीच चिंचेनं घासून लख्ख करून ठेवलं होतं. शेरू अंगणात लंगडत होता, पाय चाटत होता. वहिनींनी आतून हाक मारली, "भाऊजी, माहे हात पिठात हायेत. त्याचं तेवढं नख काढा. अडकित्ता कोनाड्यात हाये, तुमाले ठावं हाये."

ठाऊक होतं. पण मी मॅट्रिक झालेला, अंगावर परीटघडीचं धोतर. शेणातून गोठ्यात कोण जाणार? समोर तबक होतं. मी त्यातला अडकित्ता उचलला आणि एका दणक्यात नख छाटलं. शेरू किंचाळला. रक्त आलं. तेवढ्यात वेशीकडून पाहुण्यांच्या गाडीची घुंगरं ऐकू आली. अडकित्ता न धुता मी तबकात टाकला आणि हात पुसत पाहुण्यांना सामोरा गेलो.

मुलीचे चुलते, नाना, मोठे करारी. त्यांनी सुपारी घेतली, अडकित्ता उघडला आणि थांबले. बिजागरीत काळं नख अडकलं होतं. त्याला केस आणि ओलं रक्त.

"हे काय हाये?"

आई ओरडली, "या कुत्रीवालीनं घात केला!"

वहिनी माजघराच्या दारात आल्या. कोपरापर्यंत पीठ. त्यांनी नखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जाजमाच्या रेघा पाहत बसलो. मी बोलावं म्हणून त्या थांबल्या आहेत, हे मला तेव्हाच कळत होतं. मग त्या म्हणाल्या, "हाव, माह्या कुत्र्याचं नख हाये. कापलं कोनं, ते ज्याचं त्याले ठावं."

"चूप बस!" दादा गरजला. त्यानं डोक्यावरचं पागोटं नानांच्या पायावर ठेवलं. कुत्रं आजच्या आज घरातून जाईल, असा शब्द दिला. दुसरी सुपारी दगडावर फोडली. माझं लग्न ठरलं.

तेव्हा आपला मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात. जालन्याच्या बाजूला गेलं की मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, लागे. जेवणं होताच दादानं शेरूला पोत्यात घालून गाडीत टाकलं आणि मोगलाईच्या हद्दीत सोडून आला. वहिनी वेशीपर्यंत गाडीमागं धावल्या. परत आल्या तेव्हा मी ओसरीवर होतो. म्हणाल्या, "एक शब्द लागत होता, भाऊजी." आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना सुपारी कातरून मिळे. माझ्यापुढे वहिनी अख्खी सुपारी आणि तोच पितळी अडकित्ता ठेवत. "कापा, भाऊजी. तुमाले चांगलं येते." दादासमोर, आईसमोर, पुढं माझ्या बायकोसमोरही. बायको म्हणायची, "जाऊबाईंची थट्टा भारी असते." ती थट्टा नव्हती. पण तसं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ज्या सुपारीनं ती घरात आली तिचीच गोष्ट तिला सांगायची माझी छाती झाली नाही. ती गेली. दादा, आई आधीच गेले होते. खोटं तेवढं धडधाकट राहिलं, मांडवामांडवात हशा पिकवत.

वहिनींच्या शेवटच्या दुखण्यात मी सगळं सांगायचं ठरवून साखरखेर्ड्याला गेलो. त्या खाटेवर होत्या, दृष्टी अधू झालेली. आवाजावरून ओळखलं. उशाखाली चाचपून सुपारी आणि तो अडकित्ता काढला. "कापा, भाऊजी."

मी कापली. जरासं कापलं, पाहिलं, पुन्हा जरासं. त्यांच्या तळहातावर ठेवली. तोंडात दात नव्हते. त्यांनी मूठ मिटली आणि विचारलं, "अजून काई बोलाचं हाये?"

खोलीत सुना होत्या, नातवंडं होती.

"नाही वहिनी. एसटीची वेळ झाली," मी म्हणालो आणि चपला घातल्या.

बोलायचं होतं ते एवढंच. वहिनी, अडकित्ता मी वापरला. नख मी छाटलं. शेरू माझ्यामुळं गेला, आणि तुमचं नाव मी धुळीला मिळू दिलं. मला माफ करा.