विंगेतल्या इंदूवहिनी

इंदूवहिनी बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. महाडच्या बाजारपेठेत आमची घरं समोरासमोर. मी शाळेत शिक्षिका, त्या कापडाच्या दुकानदाराची बायको. ओळख नवी असताना मी शाळेतलं काहीतरी सांगत होते, तर मध्येच म्हणाल्या, "शोभा, वाक्य संपायच्या आधीच तुझा श्वास संपतो गो. दमतेस का?" मी खरंच दमले होते. ते घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वहिनींचं माहेर शिवथरचं. आवाज तिथल्या शेतांत मोकळा झालेला. आमच्या महिला मंडळाचा दरवर्षी हिंदी सिनेमातल्या गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. वहिनींना गायला पाठवा म्हणून आम्ही त्यांच्या यजमानांना, नानाशेठना, विचारायला गेलो. कापड मोजता मोजता ते म्हणाले, "गाऊ दे की. पण स्टेजवर उभं राहायचं नाही. आमच्या घरची बाई गिऱ्हाइकांनी बघायची नाही."

मग तोड निघाली. वहिनी विंगेत गाणार, मी पुढे अभिनय करणार. सिनेमात असतं तसंच.

नुसते ओठच तर हलवायचे, असं मला वाटलं होतं. पहिल्याच तालमीत वहिनींनी थांबवलं. "तू माझ्या मागून धावतेस. आधी तू रुसून दाखव, मग मी गाते." मी नुसती मान वळवली. त्यांनी तीच ओळ इतकी हलकी घेतली की माझेच डोळे भरून आले आणि मीही गुणगुणायला लागले. लगेच दटावलं, "गाणारीने रडायचं नाय, करणारीने गायचं नाय. दोघींनी एकाच जागी श्वास घ्यायचा. मग गाणं तिसऱ्याच बाईचं होतं."

बारा वर्षं आम्ही ती तिसरी बाई उभी केली. टाळ्या मला मिळायच्या. पोलादपूरला एकदा बक्षीस मिळालं, नाव फक्त माझं पुकारलं. मी विंगेत जाऊन त्यांचा हात ओढला. त्यांनी पडदा घट्ट धरला. "नको गो, ते पहिल्या रांगेत हायत." शाल मी त्यांच्या खांद्यावर घातली, तर घडी करून त्यांनी ती माझ्याच पिशवीत ठेवली.

नानाशेठ गेले. वर्ष उलटल्यावर मीच म्हटलं, यंदा तुम्ही पुढे. वहिनी तयार झाल्या. साडी स्वतः निवडली, शेवाळी रंगाची. तीन आठवडे एकट्या तालीम करत होत्या.

त्या दिवशी माईक हातात घेऊन उभ्या राहिल्या. वाजवणाऱ्यांनी सुरुवात केली आणि गाणं उचलायची त्यांची जागा निघून गेली. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. त्यांची नजर माणसांवरून फिरत होती. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. न राहवून बसल्या जागीच ओठ हलवू लागले. त्यांनी पाहिलं, दोन शब्द गायल्या आणि थांबल्या. मग माईक घेऊन सावकाश विंगेत गेल्या.

तिथून आवाज आला. इतका मोकळा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. स्टेज अख्खं गाणंभर रिकामं. शेजारचीने मला ढोसलं, "वर जा की!" मी गेले नाही. जायला हवं होतं की नको, अजून ठरवता येत नाही.

नंतर मी म्हटलं, "वहिनी, नाना आता नाहीत."

"ठाऊक हाय गो." पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "त्यांनी एकदाच सांगितलं होतं. बाकीची वर्षं माझं मीच मला सांगत आले. आता पाय ऐकत नाय."

त्यानंतर त्या गायल्या नाहीत. दोन वर्षांनी झोपेतच गेल्या. लेकाला दिवसकार्याला आईचा गातानाचा फोटो लावायचा होता. मंडळाचे सगळे अल्बम मी उलटेपालटे केले. प्रत्येक फोटोत मीच आहे, तोंड उघडं, हात पुढे, जणू गाते आहे.