पान उलटायला आणलेल्या बाया

"नखं दाखवा."

वाचनालयाच्या मागच्या दारी, नळाजवळ, शिपायानं आम्हाला रांगेत उभं केलं होतं. माझी आई, वस्तीतल्या आणखी चारदोन बाया आणि मी. मी तेव्हा सातवीत. बाया सरळ द्राक्षाच्या बागेतून आणलेल्या, नखांत फवारणीच्या मोरचुदाचा निळा रंग बसलेला. तो घासून जात नाही. ज्यानं बागेत काम केलंय त्याला विचारा. शिपायानं तोंड वाकडं केलं.

"पुस्तक टोकाला धरा. डाग पडला तर अण्णा मला सोलून काढतील."

मग पाय धुवायला लावले. ओल्या पायांनी फरशी खराब होईल म्हणून गोणपाटावर उभं केलं, गुरं उभी करतात तसं. पाय वाळल्यावर आत घेतलं. मागच्याच दारानं.

अण्णा म्हणजे वाचनालयाचे कार्यवाह. बागही त्यांचीच. आमची माणसं पेठकडचे डोंगर उतरून मजुरीला आलेली, नाशकाच्या पलीकडं ह्या गावात रेल्वेच्या रुळाकडेला वस्ती करून राहिलेली. वस्तीतल्या निम्म्या बाया अण्णांच्या बागेत. वाचनालय जुनं, इंग्रजांच्या काळातलं. दारावर दगडात कोरलंय, सार्वजनिक मोफत वाचनालय. आत भिंतीवर देणगीदारांचे फोटो, सगळे पगडीवाले, त्यात अण्णांचे आजोबा. कुठल्याही सभेत अण्णा उभे राहिले की ह्या आजोबांपासून सुरुवात करायचे आणि ज्ञानाची गंगा घरोघरी नेऊन सोडायचे. आमच्या वस्तीत तेव्हा नळसुद्धा नव्हता.

दरसाल नाशकाहून साहेब तपासणीला यायचे. वाचक किती, बाया येतात का, पोरं येतात का, ह्यावर वाचनालयाचा दर्जा ठरायचा, आणि दर्जावर सरकारी अनुदान. गावातल्या घरंदाज बाया तिकडं फिरकायच्या नाहीत. त्या कादंबऱ्या गड्याकरवी घरी मागवायच्या. मग 'महिला व बालविभाग' अशी पाटी लावलेल्या खोलीतल्या खुर्च्या भरायच्या कुणी? मुकादम बागेत यायचा आणि हाका मारायचा, "चला गं, आज वाचायला!" बाया हसायच्या. आईसुद्धा हसायची. तेवढंच ऊन चुकतं, म्हणायची.

आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. हातात एकेक पुस्तक दिलं. आईच्या हातात जाडजूड काहीतरी. आईला अक्षर येत नव्हतं. शिपायानं नियम सांगितला. "मी चाव्या वाजवल्या की पान उलटायचं. बोलायचं नाय. हसायचं तर अजिबात नाय."

साहेब आले. चाव्या वाजल्या. सगळ्या बायांनी एकदम पान उलटलं. कवायत बघावी तसं. साहेबांनी दारातूनच बघितलं आणि चहाला गेले.

मी मात्र खरंच वाचत होते. विहीर खणणाऱ्या माणसांची गोष्ट होती. एक जण खाली उतरलेला, वरून हाका मारतायत आणि खालून ओ येत नाहीये. मला बाकी काही दिसेना. तेवढ्यात शिपायानं पुस्तक हातातून ओढून घेतलं.

"झालं. ऊठ."

"काका, दोनच पानं राहिलीत."

तो अण्णांकडं बघायला लागला. अण्णा दारात होते, तोंडात विडा. मी धीर करून म्हणाले, "अण्णा, घरी नेऊ का? उद्या आणून देते."

अण्णांना खरोखर नवल वाटलं. राग नाही, नवल. "तू वाचत होतीस? अगं, तुला पान उलटायला आणलं होतं."

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "घरी न्यायचं तर सभासद व्हावं लागतं. दोन सभासदांची सही लागते जामीन म्हणून. तुला कोण ओळखतं गावात?"

माझ्यादेखत शिपायानं ओलं फडकं घेतलं आणि आमच्या हातातली पुस्तकं पुसली. एकेक करून, वरून, खालून. मग आम्हाला मागच्या पायरीवर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर वडा दिला. बाया खात होत्या. मला त्या तेलकट कागदाची, त्या फडक्याची, अण्णांच्या विड्याची किळस आली. खोटं कशाला बोलू, आईचीही आली. ती बोटं चाटत होती. भूक लागलेली बाई दुसरं काय करणार, हे कळायला मला फार वर्षं लागली.

पुढं दरसाल हेच. मी जाईनाशी झाले. आई जायची.

दहावीला आले तेव्हा मात्र मला ती खोली पाहिजे होती. आमचं घर म्हणजे एक खोली. त्यात आम्ही पाच माणसं, एक बल्ब, शेजारी टेपवर रात्रंदिवस गाणी. गावात शांत जागा एकच, आणि ती वर्षाचे सगळे दिवस रिकामी. खुर्च्या, टेबलं, पंखा, खिडकी. मी वाचनालयात गेले, म्हटलं, महिला विभागात बसून अभ्यास करू का? ग्रंथपालांनी मान वर न करता सांगितलं, "तो विभाग बंद असतो."

"मग उघडतो कधी?"

त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. उत्तर मला आधीच माहीत होतं, तपासणीच्या दिवशी.

म्हणून त्या साली तपासणीला मी आपणहून गेले. आई चकित झाली. पुन्हा नळ, पुन्हा नखं, पुन्हा गोणपाट. सगळं गप करून घेतलं. कपाटात ते विहिरीचं पुस्तक दिसलं, तेच मागून घेतलं. ह्या वेळचे साहेब नवे होते, आतपर्यंत आले. विचारलं, "रोज येता का ताई?"

अण्णाच पुढं झाले. "रोज येतात साहेब. न चुकता. कष्टकरी माणसं, पण वाचनाची ओढ बघा."

साहेब खूश. मला वाटलं, आत्ता अण्णांच्या तोंडावर थुंकावं. थुंकले नाही. मला त्याहून मोठं काहीतरी पाहिजे होतं. चाव्या वाजल्या, बायांनी पान उलटलं, गाडी गेली. शिपायानं टाळ्या पिटल्या. "चला, उठा."

बाया उठल्या. मी उठले नाही.

"ए, ऐकू येत नाय का?"

"वाचतेय."

त्यानं पुस्तकाला हात घातला. मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं, टोकाला नाही, मधोमध. आरडाओरडा ऐकून अण्णा आले. "काय तमाशा लावलाय?"

"तुम्हीच सांगितलंत साहेबांना, रोज येतात म्हणून. तर मी रोज येणार. आजपासून."

अण्णांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याशी बोललेच नाहीत. आईकडं वळले. "पोरीला उठव. उद्या बागेत यायचंय ना तुला?"

आई दारात उभी होती. मला वाटलं, आता ही येते आणि माझ्या कानाखाली वाजवते. तिनं पदर खोचला.

"ती वाचतेय, अण्णा. झालं की उठंल."

बस, एवढंच. कोणी हललं नाही. मी दोन पानं वाचली. गोष्ट तशी साधीच निघाली, पण पूर्ण वाचली. मग पुस्तक टेबलावर ठेवलं आणि आम्ही दोघी पुढच्या दारानं बाहेर पडलो. देणगीदारांच्या फोटोंखालून.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं आईला बागेच्या फाटकातूनच परत पाठवलं. महिला विभागाला कुलूप, त्यावर कागद, दुरुस्ती चालू. पुढं महिन्याभरात दर्जा मात्र वाढला. त्याचे पेढे वाटले गावात.

मी पुढच्या दालनात जाऊन बसले, जिथं पुरुष पेपर वाचतात. ते तरी मोफत होतं, दगडात कोरलेलं होतं. माझी शाळेची पुस्तकं घेऊन रोज. म्हातारे खुर्ची सरकवून लांब बसायचे. कोणी खाकरायचं, कोणी उगाच मोठ्यानं बातमी वाचायचं. मी बसले की शिपाई पंखा बंद करायचा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात माझ्यापायी सगळे म्हातारे घामाघूम व्हायचे, पण पंखा लागायचा नाही. इतका द्वेष! मी अकरावीची पुस्तकं घेऊनही तिथंच बसले, बारावीचीही. पास झाले, डी.एड. केलं, त्याच गावात शिक्षिका म्हणून लागले. ह्यात वाचनालयाचं काही देणं नाही. कोणी म्हणालं तर मी तोंडावर सांगते.

मध्यंतरी वाचनालयाची शताब्दी झाली. गुळगुळीत कागदाची स्मरणिका काढली. त्यात कुठल्याशा तपासणीच्या वेळी काढलेला एक फोटो होता, खुर्च्यांवर बसलेल्या बाया, हातात पुस्तकं. खाली लिहिलेलं, 'वाचनात रमलेल्या भगिनी'. दुसरी खुर्ची माझ्या आईची. जिला अण्णांनी बागेतून काढलं, जिला कधी सभासद केलं नाही, जिच्या हातातलं पुस्तक ओल्या फडक्यानं पुसलं, ती ह्यांच्या इतिहासात भगिनी. मी आईला फोटो दाखवला. तिनं त्यातल्या स्वतःवर बोट ठेवलं. म्हणाली, "मी मेल्यावरपण हे लोक मला पान उलटायला लावतील."

परवा अण्णांचा फोन आला. आता थकलेत. मला अहोजाहो करतात. "बाई, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तुमच्या वस्तीतल्या पंधरा-वीस बायका पाठवाल का? तुमचं ऐकतात त्या."

आवाजात लाज नाही. एवढ्या वर्षांनी एक थेंब नाही. मला ती मागची पायरी आठवली, तो तेलकट कागद.

म्हटलं, "अण्णा, तपासणीच्या दिवशी त्या खोलीत आमची एकही बाई दिसणार नाही. बाकी वर्षभर रोज दिसेल. कुलूप काढून ठेवा. नाही काढलं तर आम्ही काढू."

फोन मी ठेवला. कालपासून आम्ही बायांनी त्या खोलीत जायला सुरुवात केलीय.