बाईंचा चार वाजताचा चहा

टायपिंगच्या बाईंना वास येईनासा झाला, हे त्यांना स्वतःला कळलं ते किराणा दुकानात, आणि तेही भांडताना.

हिवाळ्यात आठ दिवस ताप येऊन गेला होता. बरं वाटल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते चहाचं. खलबत्त्यात दोन वेलच्या ठेचल्या, सवयीने खाली वाकून हुंगलं, तर काही नाही. आणखी दोन ठेचल्या. तरी नाही. बाई भडकल्या. वेलचीची पुडी उचलली, पायात चपला सरकवल्या आणि दुकानात जाऊन ती फळीवर आपटली.

"पाचोळा विकता का हो वेलची म्हणून?"

दुकानदाराने एक वेलची नखाने सोलली, दाणे चोळले, हुंगले आणि बोटं शेजारच्या गिऱ्हाइकापुढे धरली. "तुम्ही सांगा काका, वास आहे की नाही?"

"वा! मलाही द्या थोडी यातलीच," काका म्हणाले.

बाईंनी पुडी पिशवीत टाकली. "सर्दी झालीय मला," एवढं बोलून त्या निघाल्या. तीन जिने चढताना त्यांनी दोनदा जोरात श्वास घेऊन पाहिला. नाक स्वच्छ होतं. सर्दीबिर्दी काही नव्हती.

डॉक्टर म्हणाले, तापात असं होतं कधीकधी. महिन्या-दोन महिन्यांत परत येईल. नाहीच आला तर मग नाही. छत्री कुठे विसरली असेल तर सापडेल, अशा सुरात त्यांनी ते सांगितलं. त्याला आता आठ महिने होऊन गेले होते.

बाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. वास न येणं हे काही तसं मोठं दुखणं नव्हे. लंगडावं लागत नाही की चाचपडावं लागत नाही. जीभ गोड, कडू, तिखट एवढं ओळखत होती, बाकी सगळं पुठ्ठा चावल्यासारखं. त्याचंही त्यांना फारसं वाटत नव्हतं. अडचण होती ती मुलाची.

मुलगा पाच तासांवरच्या शहरात विमा कंपनीत होता. जिथे आग लागते तिथे दुसऱ्या दिवशी जाऊन काय जळलं आणि कशामुळे, ते लिहून आणायचं, हे त्याचं काम. गॅसच्या भडक्यांचे इतके फोटो त्याच्या फोनमध्ये होते की घरच्या वाढदिवसाचे शोधताना मधूनमधून तेच निघत. वडील गेले त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षं तो आईला 'आमच्याकडे ये' म्हणत होता. आईला गॅसचा वास येत नाही हे कळलं असतं, तर तो म्हणत बसला नसता, येऊन घेऊनच गेला असता.

सून वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं होतं. तिने बाईंसाठी खोली वेगळी ठेवली होती, पलंगाला कडेला लाकडी कठडासुद्धा लावून घेतला होता. बाई तिथे गेल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या की ती प्रेमाने खांद्याला धरून त्यांना वळवायची. "आई, तुम्ही नुसतं बसा." सहा दिवस नुसतं बसून बाईंचे गुडघे धरले होते.

आणि इथे त्यांची स्वतःची दोन खोल्यांची जागा होती. पुढच्या खोलीत तीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला. अकरा मशिनं, सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत तडतडतड. नवरा म्हणायचा, गारपिटीत संसार केलाय मी. बाई आतल्या खोलीत भाजी चिरत आणि तिथूनच ओरडत, "खिडकीजवळची, तुझी डावी करंगळी झोपलीय! पाच नंबर, चुकलास, खोडू नकोस, पान बदल!" पोरांना वाटे, भिंतीला भोक आहे. भोक नव्हतं. बाईंना कोणतं बोट कच्चं पडतं ते नुसत्या ऐकण्यावरून कळायचं. मग कॉम्प्युटर आले, पोरं गेली, मशिनं भंगारवाल्याने वजनावर नेली. कान तेवढे राहिले.

नाक गेल्यावर बाईंनी चहा कानांवर बसवला. आधी त्यांचा सगळा चहा नाकाने व्हायचा. आल्याचा कच्चा वास गेला की पावडर, पावडरीचा करकरीत वास मऊ झाला की दूध. आता तसं नव्हतं. पाणी आधी सूं करतं, मग तळाशी टकटकतं, मग मोकळेपणाने खदखदतं. त्या खदखदीला किसलेलं आलं, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. मग किती वेळ? घड्याळाकडे बघायची त्यांना सवय नव्हती. त्या ओट्याच्या कडेवर दहा बोटं ठेवून क्लासमधला सरावाचा उतारा टाइप करत. एक पूर्ण उतारा आल्याला, अर्धा पावडरीला. दूध घातलं की भांडं एकदम गप्प होतं. ते पुन्हा बोलू लागून वर यायला लागलं की वेलची घालून गॅस बंद. चहा असा व्हायचा की पिणारा म्हणे, बाई, हात तोच आहे तुमचा.

गॅससाठीही त्यांनी स्वतःचे नियम केले होते. काम झालं की सिलिंडरचंच बटण बंद. झोपण्याआधी पुन्हा हात लावून बघायचं. आणि दर रविवारी वाटीत साबणाचं पाणी करून ब्रशने नळीला आणि सांध्यांना लावायचं. गळत असेल तर फुगे येतात. फुगे कधी आले नाहीत. या कामासाठी त्यांनी अलीकडेच धुण्याच्या साबणाची एक वडी वेगळी आणली, भडक लिंबाच्या वासाची, आणि हाताशी असावी म्हणून ओट्याखालच्या फडताळात, सिलिंडरच्या वरच्या फळीवर उघडीच ठेवली. त्याच फळीवर चहाच्या पावडरीचं मोठं पाकीट होतं, तोंड कापून कपड्याचा चिमटा लावलेलं.

चहा आणि साबण एका पिशवीतसुद्धा आणू नयेत, हे बाईंनी आयुष्यात किती जणांना सुनावलं असेल! दुकानातल्या माणसाने एकदा तसं भरलं तेव्हा त्यांनी सगळं सामान परत काढायला लावलं होतं. पण ज्याच्यापुरते जगातले वास संपले, त्याला एकाचा वास दुसऱ्याला लागतो हेही कुठून आठवणार?

खालच्या मजल्यावर एक बाई राहत. तारऑफिसात जन्म गेलेला, म्हणून त्यांना सगळे तारमास्तरीण म्हणत. दुसरं कारण असं की फाटकाशी त्यांना सांगितलेली गोष्ट त्यांच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोहोचायची. त्या रोज चार वाजता बाईंकडे चहाला येत. सकाळी नऊच्या सुमारासही यायच्या, कधी काडेपेटी मागायला, कधी वाटीभर साखर. बाईंना वाटे, हिच्या घरात टिकतं तरी काय? तारमास्तरणीपासून तर बाई स्वतःला फारच जपत. ती आली की मुद्दाम म्हणत, "काय घमघमाट सुटलाय आल्याचा, नाही?"

"सुटलाय ना," तारमास्तरीण म्हणत.

एका शनिवारी चारला पाच मिनिटं असताना बेल वाजली आणि दारात तारमास्तरणीच्या मागे मुलगा उभा.

"अरे, न कळवता?"

"इथे बाजारात कपड्याचं एक दुकान जळलंय. बघायला आलो होतो. चहा टाक ना, घशात अजून धूर आहे."

बाईंनी चहा टाकला. उतारा टाइप केला, अर्धा टाइप केला, दूध वर येताना वेलची घातली. तीन कप भरून पुढच्या खोलीत आणले. मुलाने मोठा घोट घेतला आणि तो तोंडातच धरून बसला. मग कसाबसा गिळला. त्याने तारमास्तरणीकडे बघितलं. तारमास्तरीण कपात बघत होती.

"आई, तू प्यायलीस का हा?"

"पितेय की."

"कसा लागतो?"

"कसा लागतो म्हणजे? चहासारखा! का, गोड कमी झाला?"

"यात साबण आहे."

"काहीतरीच काय!" बाई तारमास्तरणीकडे वळल्या. "वहिनी, आहे का हो साबण?"

तारमास्तरीण अवघडली. "थोडासाच आहे," ती म्हणाली. "काल जास्त होता."

मुलगा उठून आत गेला. फडताळ उघडल्याचा आवाज आला, मग चिमटा काढल्याचा. बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात पाकीट होतं, दुसऱ्यात साबणाची वडी. चेहरा मात्र कामावरचा.

"डोळे मीट आई."

"हा काय पोरखेळ?"

"मीट."

बाईंनी मिटले. एक झाकण फिरल्याचा बारीक कुरकुर आवाज झाला, नाकापाशी काहीतरी गार झोंबलं. "बाम," त्या म्हणाल्या. पुन्हा तो आत जाऊन आला. बाटलीचं बूच निघालं, आतलं पाणी डुचमळलं. ओट्याखालची बाटली, त्यांनी मनात म्हटलं. "फिनेल. झालं समाधान?"

"आता हे?"

काहीच आवाज नव्हता. सुरी नाही, झाकण नाही, पुडी नाही. बाईंनी दोनदा श्वास घेतला. आवाज न करता काय आणता येईल? "वेलची," त्या म्हणाल्या.

बाईंनी डोळे उघडले. मुलाचा पंजा त्यांच्या नाकासमोर होता. रिकामा.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

बाईंनी कपबश्या गोळा करायला सुरुवात केली. तारमास्तरणीने उत्तर दिलं, "हिवाळ्यापासून. तापानंतर."

दोघंही तिच्याकडे वळले.

"असं काय बघता? जिन्यात उंदीर मेला होता तेव्हाच कळलं मला. अख्खी इमारत नाकाला पदर लावून पळतेय आणि या मधल्या पायरीवर उभ्या राहून मला लोणच्याची कृती सांगतायत! वीस मिनिटं! मी श्वास न घेता हं हं करतेय."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?" मुलाचा विश्वास बसेना. "तुम्ही?"

"सांगितलं असतं तर तू हिला घेऊन गेला असतास," तारमास्तरीण म्हणाली. "म्हणून मी सकाळी नऊला आणि दुपारी चारला येऊन वास घेऊन जाते. माझ्या घरात साखर इतकी झालीय, मुंग्यांना पुरून उरेल."

बाईंनी गोळा केलेल्या कपबश्या पुन्हा खाली ठेवल्या. "आणि साबणाचा चहा पीत होतात?"

"दहा दिवस. बोलले असते तर तुम्हाला कळलं असतं मला कळलंय ते."

मुलाला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "बॅग भर, आई."

"मी नाही येणार."

"दिवसातून दोनदा या काकू येतात. उरलेले बावीस तास? सकाळी ते दुकान बघून आलो मी. मागच्या खोलीत चहाची शेगडी होती, रात्रभर गॅस गळत होता, माणूस लवकर आला, दिव्याचं बटण..." तो थांबला. "तो वाचलाय. पण मला तुझं नाव कुठल्या कागदावर लिहायचं नाही."

हे तो ओरडून बोलला असता तर बाईंनी ओरडून उत्तर दिलं असतं. तो हळू बोलला. बाईंना एवढंच दिसलं की त्याच्या शर्टाच्या कॉलरला काजळी आहे आणि त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी खोटं वागले. पण तुला भीती कशाची आहे? माझी की गॅसची?"

"गॅसची."

"मग गॅसला घेऊन जा."

"काय?"

"सिलिंडर ने, शेगडी ने, नळीसुद्धा ने. विजेची आणून दे. तीस वर्षं या घरात अकरा मशिनं चालवली, मला एक शेगडी चालवता येणार नाही?"

मुलगा आत ओट्यापाशी गेला. मग त्याने खिशातली टेप काढून ओटा मोजला, प्लगची जागा पाहिली, वायर किती जुनी ते पाहिलं. "दूध खराब झालेलं कसं कळणार तुला?"

"मी हुंगेन ना," तारमास्तरीण म्हणाली. "आणि आता बोलूनही टाकेन."

"दोन महिने बघू," तो म्हणाला. "दोनच. तारखेनिशी."

"तारखेनिशी," बाई म्हणाल्या. दोन महिन्यांनंतरचं दोन महिन्यांनंतर.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन येऊन नवीन वायर घालून गेला. मुलाने शेगडी आणली, काळी, चपटी, बशीसारखी. मग त्याने सिलिंडर खांद्यावर घेतला आणि तिन्ही मजले थांबत थांबत उतरवला. बाई जिन्याच्या कठड्यापाशी उभ्या होत्या. ओट्याखालच्या फरशीवर सिलिंडरच्या बुडाचा गंजका गोल राहिला होता. त्यांनी तो घासून पाहिला, निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता नव्या शेगडीवरचा पहिला चहा. नवं पाकीट, बरणीत बंद केलेलं. साबण न्हाणीघरात. शेगडी पेटताना कसलाच आवाज झाला नाही. ज्योत नाही, फुरफुर नाही. पाणी खूप वेळ गप्प राहिलं आणि मग एकदम बोलायला लागलं. एका उताऱ्यात आलं उकळेना. दोन केले, तिसरा अर्धा. दूध घातलं. ते वर यायला लागलं तसं बाईंनी वेलची टाकली आणि झटकन बटण बंद केलं.

दूध थांबलं नाही. गॅस बंद केला की फेस खाली बसतो. ही शेगडी बंद होऊनही तापलेलीच होती. चहा काठावरून उतरला, चर्र झालं, ओटाभर पसरला.

"बाई!" जिन्यातूनच तारमास्तरीण ओरडत आली. "उतू गेलं! जळका वास खालपर्यंत येतोय!"

"दिसतंय हो मला!" बाई फडकं शोधत ओरडल्या. "वासाचं काय ते तुम्ही बघा!"

दोघींनी मिळून ओटा पुसला. भांड्यात दीड कप उरला होता. बाईंनी दोन कपांत तो सारखा केला. तारमास्तरणीने पहिला घोट घेतला, दुसरा घेतला.

"आलं जास्त झालंय," ती म्हणाली. आता बोलून टाकायचं ठरलं होतं.

फोन वाजला. मुलगा होता. "झाला का चहा?"

"झाला. अर्धा शेगडी प्यायली, अर्धा आम्ही."

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

"कशाला? बटण बंद करून भागत नाही, भांडंच उचलायला लागतं. कळलं मला." बाईंनी फोन खांद्याने कानाशी धरला आणि भांडं घासायला घेतलं. "आणखी एकदा टाकणारच आहे. तू ठेव आता, मला पाणी ऐकायचंय."