दोन दाढ्या, एक वस्तरा

सरकारी निवासाच्या तळमजल्यावर एक खोली. तिच्यात एक खुर्ची, एक आरसा आणि एक न्हावी. त्याच्या वस्तऱ्याखालून देशाच्या तीन राज्यघटना गेल्या.

पहिलीत राष्ट्राध्यक्ष एकटाच धनी. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडलेला. संसदेनं कितीही आदळआपट केली तरी गडी जागचा हलत नसे. एकच मान, एकच मस. न्हाव्याचा हात डोळे मिटून चाले. माणूस मात्र पार माजला.

म्हणून घटना बदलली. राष्ट्राध्यक्ष फिती कापायला उरला आणि कारभार पंतप्रधानाकडे गेला. त्याला संसदेनं बसवायचं, संसदेनंच पाडायचं. न्हाव्याला एका हनुवटीचे खड्डे पाठ होईतो दुसरी हनुवटी हजर.

मग शहाण्यांनी दोन्हींचं कलम बांधलं. राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडायचा, मुदतीआधी सहसा हलवायचा नाही. पंतप्रधान त्यानं नेमायचा, पण तो टिकणार संसदेच्या मर्जीवर. नेमकी संसद विरोधकांनी जिंकली आणि राष्ट्राध्यक्षाला आपला वैरीच पंतप्रधान नेमावा लागला.

"म्हणजे सासूही खमकी, सूनही खमकी आणि चूल एकच," न्हाव्याची बायको म्हणाली. "मरतो कोण? मधला."

मधला खरंच मरायला टेकला होता. न्हाव्याची साठी भरत आली होती. मुदतवाढीच्या कागदावर दोघांच्याही सह्या हव्यात, नाहीतर नोकरी जाणार आणि मागच्या आवारातली राहती खोलीही. राष्ट्राध्यक्षानं सही ठोकली. तेवढ्यानंच पंतप्रधान बिथरला. "त्यांचा माणूस दिसतोस. बघू."

मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या सकाळी ज्याची दाढी आधी तो मोठा, असा त्या घरचा रिवाज. आजवर मोठा एकच असायचा, म्हणून निभावलं. त्या सकाळी दोघंही एकदमच दारात उभे. न्हाव्यानं घरची खुर्ची उचलून आणली, दोघांना शेजारी बसवलं आणि एक गाल याचा, एक गाल त्याचा, असं आरंभलं. तोंडाला फेस, त्यामुळे भांडणही बंद.

एकेक गाल उरकला तोच पंतप्रधानाचा सचिव धापा टाकत आला. "साहेब, अविश्वास ठराव मंजूर झाला. आपलेच फुटले."

पंतप्रधान टॉवेल भिरकावून उठला.

"साहेब, अर्धी राहिली," न्हावी म्हणाला.

"मसणात जाऊ दे. सरकार गेलं माझं."

"निघालात कुठं?" राष्ट्राध्यक्ष फेसातून बोलला. "मी नवा नेमेपर्यंत काळजीवाहू तुम्हीच. फायली काय मी उपसू?"

न्हाव्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे सही अजून चालते. त्यानं खिशातला कागद काढून आरशापुढे ठेवला.

"साहेब, फाटकाशी फोटोवाले उभे आहेत."

पंतप्रधानानं आरशात पाहिलं. डावा गाल नवरदेवाचा, उजवा साबण फासलेल्या बोकडाचा.

"धमकी देतोस?"

"छे हो. दाढी करतोय."

पंतप्रधानानं दात-ओठ खात सही केली आणि उरलेला गाल पुढे केला.

घरी येऊन न्हाव्यानं कागद फडकवला. बायकोनं सह्या डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिल्या.

"खोली तर वाचली. पण नवा पंतप्रधान कसा निघेल?"

"कसाही निघू दे. दाढी त्यालाही येणारच."

"आणि बाई नेमली तर?"

न्हावी उठला आणि कात्री-कंगवा शोधू लागला.